दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन: विद्यार्थ्यांच्या मनात पक्का बसलेला हा समज कसा बदलावा?

रानजाई

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी आणि दहावीला विज्ञान शिकवते. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन या दोन संकल्पना शिकवताना येणाऱ्या अडचणींबद्दल येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आमच्या मुलांना प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण तोंडपाठ असते. हरितलवकाची आकृती ती नीट काढतात, नावेही देतात. मात्र 'वनस्पती श्वसन केव्हा करतात?' असा साधा प्रश्न चाचणीत आला की वर्गातील बहुसंख्य मुले 'रात्री' असे उत्तर लिहितात. कारण विचारले, तर झाडे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन सोडतात आणि रात्री याच्या बरोबर उलट करतात, असे ती आत्मविश्वासाने सांगतात. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ही एकाच कामाची दिवसपाळी आणि रात्रपाळी आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. वडाचे एवढे मोठे खोड कशापासून तयार झाले, असे विचारले की 'मातीपासून' हेच उत्तर मिळते. आमची बरीच मुले शेतकरी कुटुंबांतील आहेत. ती लगेच दाखला देतात की युरिया टाकला की ऊस जोमाने वाढतो, न टाकल्यास पिवळा पडतो, तेव्हा पीक आपले अन्न जमिनीतूनच घेते हे उघड आहे. हा युक्तिवाद डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभा असल्यामुळे तो केवळ चूक म्हणून खोडून काढणे मला योग्य वाटत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे घरी ऐकलेली आणि मोबाइलवर फिरणारी माहिती. रात्री झाडाखाली झोपू नये हेही मुले सांगतात आणि पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो हेही सांगतात. या दोन विधानांचा मेळ कसा बसतो, असे विचारल्यावर वर्ग गप्प होतो.

या संकल्पना कोणत्या क्रमाने मांडाव्यात, आणि मोजक्या साहित्यात कोणते प्रयोग खात्रीने जमतात, हे कृपया सविस्तर सांगावे. आमच्याकडे काचेच्या बरण्या, परीक्षानळ्या, एक जुना सूक्ष्मदर्शक आणि किराणा दुकानात असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा एवढे साहित्य आहे.

जुना खडू

रानजाई ताई, आपण दुसरी म्हणून सांगितलेली अडचण मी पहिली धरीन. झाडाचा देह कशापासून बनतो हे मुलांना जोवर पटत नाही, तोवर प्रकाशसंश्लेषण हे त्यांच्यासाठी 'ऑक्सिजन तयार करण्याचे काम' एवढेच राहते, आणि मग त्याच्या उलट काहीतरी रात्री घडत असले पाहिजे असे त्यांना वाटू लागते. म्हणून मी अनेक वर्षे या पाठाची सुरुवात वायूंपासून न करता वजनापासून करत आलो.

त्यासाठी सतराव्या शतकातील एक प्रयोग अतिशय उपयोगी पडतो. आजच्या बेल्जियममध्ये राहणाऱ्या यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्मोंट यांनी एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली 200 पौंड, म्हणजे सुमारे 90 किलो माती भरली आणि तीत 5 पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. कुंडीवर बाहेरची धूळ पडू नये म्हणून छिद्रे असलेला पत्रा झाकला आणि पाच वर्षे फक्त पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातले. पाच वर्षांनी झाड 169 पौंडांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे 77 किलो भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती केवळ 2 औंस, म्हणजे 60 ग्रॅमच्या आसपास कमी भरली. मधल्या चार शरद ऋतूंत गळून गेलेली पाने त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती. हा वृत्तान्त त्यांच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये प्रसिद्ध झाला.

हे आकडे फळ्यावर लिहावेत आणि निष्कर्ष मुलांनाच काढू द्यावा. 'झाड पाण्यापासून बनले' असे बहुतेक मुले म्हणतील, आणि स्वतः व्हॅन हेल्मोंट यांचाही निष्कर्ष तोच होता. येथे घाई करू नये. ज्या माणसाने 'गॅस' ही संज्ञा विज्ञानात आणली, ज्याने 62 पौंड कोळसा जाळून फक्त एक पौंड राख उरते आणि बाकीचे सारे वायुरूपात निघून जाते हे नोंदवून ठेवले, त्यालाही आपल्या झाडाचा देह त्याच वायूतून आला असेल हे सुचले नाही. हवेला वजन असते हे मान्य करणे आणि घट्ट, जड लाकूड हवेतून घडू शकते हे मान्य करणे यांत मोठे अंतर आहे. आपल्या मुलांना हे अवघड वाटते यात नवल नाही, आणि तसे त्यांना सांगावेही.

यानंतर राखेकडे वळावे. ज्यांच्या घरी चूल आहे त्या मुलांना विचारावे की लाकडाचा भारा जाळल्यावर राख किती उरते. शंभर किलो वाळलेल्या लाकडामागे ती साधारण एक-दोन किलोच भरते. मातीतून घेतलेली पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस यांसारखी खनिजे त्या राखेत असतात. उरलेला सगळा भाग धुरावाटे, बहुतांशी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन, जिथून आला होता तिथे परत गेलेला असतो. युरियाचा प्रश्नही इथेच सुटतो. पाने हिरवी राहण्यासाठी आणि प्रथिने बनण्यासाठी पिकाला नत्र हवे असते. ते नसेल तर पान पिवळे पडते, हरितद्रव्य कमी होते आणि हवेतला कार्बन पकडण्याचे काम मंदावते. तेव्हा मुलांचे निरीक्षण बरोबरच आहे. खतामुळे ऊस वाढतो हे खरे, पण उसाचा देह खताचा बनलेला नसतो. एकरी टाकलेल्या खताच्या गोण्या आणि तेथून निघालेला टनावारी ऊस यांची वजने शेजारी मांडली की हे शेतकऱ्याच्या मुलाला लगेच कळते.

समीकरण मी याच्यानंतर आणतो, आणि तेही वजनांसह. 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 108 ग्रॅम पाणी यांपासून 180 ग्रॅम ग्लुकोज आणि 192 ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. दोन्ही बाजूंची बेरीज 372 ग्रॅम होते. या 180 ग्रॅम ग्लुकोजमध्ये 72 ग्रॅम कार्बन, 96 ग्रॅम ऑक्सिजन आणि 12 ग्रॅम हायड्रोजन असतो. त्यातला कार्बन आणि ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो आणि केवळ हायड्रोजन पाण्यातून येतो. म्हणजे 180 पैकी 168 ग्रॅम भाग हवेतून आलेला असतो. गणिताची गोडी असलेली मुले या पायरीवर अक्षरशः सावरून बसतात.

त्यांना आणखी एक गणित द्यावे. आजच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे 0.042 टक्के आहे, त्यामुळे एक घनमीटर हवेत जेमतेम 0.2 ग्रॅम कार्बन असतो. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गखोलीतील संपूर्ण हवेत तो वीस-बावीस ग्रॅम भरेल. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे अर्धा किलो कार्बन असतो, म्हणजे तेवढ्या लाकडासाठी अशा वीसहून अधिक खोल्यांतील हवेतला सगळा कार्बन लागेल. झाडाला एवढी पाने आणि प्रत्येक पानाला इतकी असंख्य पर्णरंध्रे का असतात, हे या आकड्यानंतर वेगळे शिकवावे लागत नाही.

पर्णरंध्र

मी वनस्पती शरीरक्रियाशास्त्रात काम करतो. जुना खडू सरांनी सुचवलेला क्रम मला पूर्णपणे मान्य आहे. राखेबाबत मात्र एक भर घालतो. मातीतून घेतलेले नत्र राखेत राहत नाही, ते जळताना वायुरूपात निघून जाते. त्यामुळे राख म्हणजे मातीतून आलेले सर्व काही, असे मुलांच्या वहीत उतरू देऊ नये. नत्र धरले तरी मातीचा वाटा लहानच राहतो.

आता दिवस-रात्रीच्या प्रश्नाकडे येतो. या गैरसमजाचे मूळ मला आपल्या फळ्यावरील मांडणीत दिसते. आपण प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण लिहितो, त्याखाली बाण उलटा करून श्वसनाचे समीकरण लिहितो आणि 'या परस्परविरुद्ध क्रिया आहेत' असे सांगतो. एकाच वेळी परस्परविरुद्ध दोन गोष्टी होऊ शकत नाहीत, असा तर्क करून मूल एकीला दिवस आणि दुसरीला रात्र वाटून देते. हा तर्क मुलाने प्रामाणिकपणे केलेला असतो. म्हणून सुरुवातीलाच सांगावे की या दोन क्रिया पेशीच्या वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या विकरांच्या साहाय्याने चालतात. प्रकाशसंश्लेषण हरितलवकात होते. श्वसनाची सुरुवात पेशीद्रवात होते आणि त्याचा मोठा भाग तंतुकणिकेत पार पडतो. पानाच्या एकाच पेशीत दोन्ही अंगके असतात आणि भर दुपारी दोन्हींचे काम चालू असते.

श्वसन कधीच का थांबत नाही, हेही सांगितले पाहिजे. पेशीला प्रत्येक कामासाठी एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतो, मग ते मुळातून क्षार आत ओढणे असो, प्रथिने बांधणे असो किंवा नवी पेशी घडवणे असो. हरितलवकात तयार होणारा एटीपी मुख्यतः तिथेच साखर बनवण्यासाठी खर्च होतो. बाकीच्या पेशीला तो बहुतांशी साखरेच्या विघटनातून मिळवावा लागतो. शिवाय झाडाच्या पुष्कळ पेशींमध्ये हरितद्रव्य मुळीच नसते. मुळांचा विचार करावा: ती कायम अंधारात असतात, प्रकाशसंश्लेषण कधीच करत नाहीत आणि दिवसरात्र श्वसन करतात. शेतात पाणी साचून राहिले की पीक पिवळे पडून मरते, कारण मातीच्या कणांमधील हवेची जागा पाण्याने घेतलेली असते आणि मुळांना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. हे उदाहरण शेतकऱ्याच्या मुलांना पूर्ण परिचयाचे असते, आणि झाडे दिवसाही श्वसन करतात याचा पुरावा त्यांना घरच्याच वावरात सापडतो.

मग पानातून दिवसा ऑक्सिजनच बाहेर पडताना का आढळतो? येथे मी पगाराचे उदाहरण देतो. पगार जमा झाला त्या दिवशीही घरखर्च सुरूच असतो, फक्त जमा मोठी असल्यामुळे शिल्लक वाढलेली दिसते. भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनाच्या कित्येक पट असतो, म्हणून बाहेरून फक्त ऑक्सिजन निघताना दिसतो. पहाटे आणि संध्याकाळी अशी एक वेळ येते की दोन्ही वेग समान होतात. तेव्हा पान बाहेरच्या हवेतून निव्वळ काहीच घेत नाही आणि तिला काही देतही नाही. दिवस मावळल्यावर फक्त खर्च उरतो. वनस्पती आपण बनवलेल्या अन्नापैकी साधारण निम्मा भाग स्वतःच्याच श्वसनात वापरतात आणि उरलेल्यातून त्यांचा देह वाढतो. 'दिवसा आणि रात्री' याऐवजी 'जमा आणि खर्च' असा विचार मुले करू लागली की पुढचे सारे सोपे जाते.

अकरावीत गेल्यावर याच गैरसमजाचे धाकटे भावंड भेटते. कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवण्याच्या टप्प्याला 'अप्रकाशी अभिक्रिया' म्हणतात, आणि विद्यार्थी ती रात्री होते असे धरून चालतात. प्रत्यक्षात तीही दिवसाच होते, कारण तिला लागणारा एटीपी प्रकाशी टप्प्यातून येतो आणि तिची काही विकरे प्रकाश असतानाच कार्यरत होतात.

आता पिंपळाविषयी. वनस्पतींनी सोडलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येत नाही, तो पाण्याच्या रेणूचे विघटन होऊन मिळतो. ऑक्सिजनचे जड समस्थानिक वापरून रूबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 मध्ये हे दाखवले. पाण्याचे हे विघटन प्रकाशाच्या ऊर्जेवरच चालते. म्हणून रात्री ऑक्सिजन सोडणारे झाड नसते. पिंपळ नाही, तुळस नाही, वडही नाही.

या समजुतीत सत्याचा एक धागा आहे आणि तो वर्गात आवर्जून सांगण्यासारखा आहे. निवडुंग, कोरफड, अननस, पानफुटी अशा वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड त्या मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्याची साखर करतात. रात्री त्या कार्बन डायऑक्साइड घेतात एवढेच खरे. ऑक्सिजन त्याही दिवसाच तयार करतात. या शोधाचा एक धागा आपल्या देशात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचे पान चाखून पाहिले. ते सकाळी आंबट लागते, दुपारपर्यंत बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्यांचे निरीक्षण 1815 मध्ये प्रसिद्ध झाले. पानफुटीत विषारी घटक असल्यामुळे मुलांना ती चाखायला मुळीच देऊ नये. सूर्योदयाच्या सुमारास तोडलेले एक पान आणि संध्याकाळी तोडलेले एक पान थोड्या पाण्यात वेगवेगळे कुटून त्यांचा रस सामू दर्शवणाऱ्या कागदावर टाकावा. सकाळच्या रसाची आम्लता अधिक असल्याचे रंगावरून दिसते.

झाडाखाली झोपण्याविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की झोपलेला माणूस स्वतः तासाला सुमारे 10 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि उघड्यावर तो वाऱ्याबरोबर पांगतो. मोकळ्या हवेतील झाडाच्या श्वसनानेही माणूस गुदमरत नाही. रात्री झाडाखाली सापविंचवाचे किंवा वाळकी फांदी पडण्याचे भय असते, ते मात्र खरे आहे.

प्रयोगवही

मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून फक्त प्रयोगांपुरते लिहिते. आपल्याकडील साहित्यात तीन प्रयोग नक्की होतात.

पहिला प्रयोग मोड आलेल्या मटकीचा, आणि तो दिवस-रात्रीच्या गैरसमजावर थेट बोट ठेवतो. पानात खायचा चुना बाटलीभर पाण्यात ढवळून रात्रभर स्थिर ठेवावा आणि सकाळी वरची स्वच्छ निवळी अलगद ओतून घ्यावी. तीन बरण्यांमध्ये वाटीत थोडी थोडी निवळी ठेवावी. पहिल्या बरणीत मोड आलेली मटकी घालून ती खिडकीत उजेडात ठेवावी. दुसऱ्या बरणीत तेवढीच मटकी घालून ती काळ्या कापडात गुंडाळावी. तिसऱ्या बरणीत तेवढीच, पण उकळून पूर्ण गार केलेली मटकी घालावी. झाकणे घट्ट लावावीत आणि सांध्यावर व्हॅसलीन फिरवावे. श्वसनातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे काही तासांत पहिल्या दोन्ही बरण्यांतील निवळी दुधाळ होते, तिच्या पृष्ठभागावर पांढरी साय धरल्यासारखी दिसते, आणि उकळलेल्या मटकीजवळची निवळी जवळपास तशीच राहते. उजेड आणि अंधार यांमुळे फरक पडला नाही, फरक पडला तो सजीव आणि निर्जीव बियांमुळे, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. प्रयोग त्याच दिवशी संपवावा. उकळलेली मटकी दुसऱ्या दिवशी आंबते, तिच्यातील सूक्ष्मजीव श्वसन करू लागतात आणि निवळी तिथेही पांढरी होते. मटकी हे काही झाड नव्हे, अशी शंका कोणी काढल्यास तोच प्रयोग झेंडूच्या ताज्या पाकळ्या घेऊन करून दाखवावा.

दुसरा प्रयोग वजनाचा आहे आणि त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो. प्रत्येकी 100 ग्रॅम कोरड्या मटकीचे दोन वाटे करावेत. एक वाटा तसाच ठेवावा. दुसरा भिजवून अंधारात चार-पाच दिवस मोड वाढू द्यावेत. पाणी बेताचे घालावे, म्हणजे ते सगळे शोषले जाते. भिजवल्यावर उरलेले पाणी फेकले तर त्यात विरघळलेले पदार्थही जातात आणि हिशेब चुकतो. बुरशी आलेला वाटा सरळ बाद करावा. त्यानंतर दोन्ही वाटे कडक उन्हात, लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत वाळवावेत. वजन करण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यावा. मोड येऊन मटकी केवढीतरी वाढलेली दिसते, त्यामुळे ती जड भरेल असे बहुतेक जण लिहितात. प्रत्यक्षात मोडांचा वाळलेला वाटा काही ग्रॅमने हलका भरतो. पाणी तर काढून टाकले, मग हे वजन गेले कोठे, या प्रश्नावर पूर्ण तासिका खर्च करावी असे मी सुचवीन.

तिसरा प्रयोग हायड्रिलाचा. ही पाणवनस्पती तळ्यात किंवा पाण्याच्या चरात सहज मिळते. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हे दर्शकद्रव्य स्वस्त असते. त्याच्या निळ्या द्रावणात नळीने फुंकले की उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे ते पिवळे होते, आणि तो वायू काढून घेतला गेला की पुन्हा निळे होते. मुलांनी द्रावण ओढून घेऊ नये म्हणून फुंकण्याचे काम शिक्षकांनी करावे. पिवळ्या द्रावणाच्या दोन नळ्यांत हायड्रिलाची फांदी ठेवून एक उन्हात आणि एक काळ्या कागदात गुंडाळून ठेवावी. तिसरी नळी फांदीविना उन्हात ठेवावी. काही तासांनी फक्त पहिली नळी निळी होते. मग एका निळ्या, न फुंकलेल्या द्रावणात फांदी घालून ती रात्रभर अंधारात ठेवावी. सकाळी ते हिरवट पिवळे झालेले आढळते.

पान अल्कोहोलमध्ये उकळून आयोडीनने पिष्टाची परीक्षा घेण्याचा नेहमीचा प्रयोगही चांगलाच आहे, परंतु अल्कोहोल कधीही थेट ज्योतीवर ठेवू नये. गरम पाण्याच्या चंचुपात्रात परीक्षानळी ठेवून आणि ज्योत विझवून मगच ते तापू द्यावे.

रानजाई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मटकीच्या वजनाचा प्रयोग मी पुढच्याच आठवड्यात सुरू करीन. यावरून एक प्रश्न लगेच मनात आला. वनस्पती निम्मे अन्न स्वतःच वापरतात, तर उरलेल्या निम्म्यामुळे जंगले आपल्याला ऑक्सिजन पुरवतात असे म्हणणे बरोबर ठरेल का? ॲमेझॉनचे जंगल जगाला 20 टक्के ऑक्सिजन देते, असे मुलांनी वाचलेले असते.

पर्णरंध्र

तसे म्हणणे बरोबर ठरत नाही, आणि त्याचे कारण आपल्या जमाखर्चातच आहे. झाडाने स्वतःच्या श्वसनानंतर जे शिल्लक ठेवले, ते पाने, फळे आणि लाकूड या रूपांत असते. ती पाने अळ्या आणि जनावरे खातात. गळलेला पाला आणि पडलेली खोडे बुरशी, जिवाणू आणि वाळवी फस्त करतात. हे सर्व जीवही श्वसन करतात आणि तेवढाच ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे पूर्ण वाढलेल्या जंगलाची ऑक्सिजनची वार्षिक शिल्लक शून्याच्या जवळ असते. हवेतील सुमारे 21 टक्के ऑक्सिजन हा कोट्यवधी वर्षांत साठला आहे. ज्या वनस्पतींचे आणि सागरी सूक्ष्मजीवांचे अवशेष कुजण्याआधी गाळात गाडले गेले, त्यांच्या वाट्याचा ऑक्सिजन खर्च न होता मागे उरला. जंगले राखण्याची कारणे पाऊस, माती, जैवविविधता आणि खोडांत व मातीत साठलेला कार्बन ही आहेत, आणि ती पुरेशी सबळ आहेत. ती सांगण्यासाठी चुकीच्या आकड्याचा आधार घ्यावा लागू नये.

जुना खडू

ताई, मटकीच्या वजनावर चर्चा घ्याल तेव्हा माणसाच्या वजनाचाही प्रश्न विचारावा. व्यायाम करून कोणी 10 किलो चरबी घटवली तर ती जाते कोठे? 'घामावाटे' किंवा 'तिची ऊर्जा होते' अशी उत्तरे येतात. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी 2014 मध्ये याचा हिशेब मांडला, त्यानुसार 10 किलोपैकी 8.4 किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासावाटे जातो आणि 1.6 किलोचे पाणी होते. मटकीने जे केले तेच आपणही करतो, हे कळले की श्वसन म्हणजे केवळ नाकाने हवा आत-बाहेर करणे, ही समजूतही दूर होते.

चाचणीसाठी मी पुढील तीन प्रश्न वापरत असे. 'दुपारी बारा वाजता आंब्याच्या मुळात, पानात आणि खोडाच्या आतील जिवंत पेशीत कोणकोणत्या क्रिया चालू असतील?' 'बंद काचपेटीत रोप ठेवून ती आठ दिवस अंधारात ठेवली, तर रोपाचे कोरडे वजन वाढेल, घटेल की तेवढेच राहील, आणि का?' 'चुलीत जळणाऱ्या लाकडातील कार्बन मुळात कोठून आला आणि आता कोठे चालला आहे?' यांपैकी एकाचेही उत्तर पाठांतरातून येत नाही. गुण देताना दुसऱ्या प्रश्नात नुसते 'घटेल' या शब्दाला अर्धाच गुण द्यावा, आणि घटलेले वजन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात पेटीतील हवेत मिसळले, त्यामुळे संपूर्ण पेटीचे वजन मात्र बदलणार नाही, असे जो लिहील त्याला पूर्ण गुण द्यावेत.